राघवन साहेबांना काय सांगितलंस?

कारकळ,
१२ जानेवारी १९९३

वारिजक्का,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या आईला, माझ्या दोड्डम्माला, आता दारातला माणूसही दिसत नाही हे वाचून आईनं जेवण अर्धं टाकलं. थोरल्या बहिणीसाठी बाळकैरीच्या लोणच्याची बरणी बांधून ठेवली आहे. बैंदूरकडे येणारं कुणी भेटलं की पाठवते.

आता माझ्या डोक्यातला किडा ऐक. हेड ऑफिसात कर्मचारी विभाग सांभाळायला मद्रासहून राघवन म्हणून नवे साहेब आलेत. ते शाखाशाखांतून फिरतायत. मॅनेजरच्या केबिनमध्ये एकेकाला बोलावतात, दार लावून घेतात, आपल्या हातानं कॉफीचा पेला पुढं करतात आणि विचारतात, ‘पाच वर्षांनी तुम्हाला कुठल्या खुर्चीत बसायचंय?’ मूडबिद्रीला हेच झालं, बेळतंगडीलाही हेच. वर म्हणतात, आपलं ध्येय आपण ठरवलं नाही तर दुसरं कुणीतरी ठरवतं. आमचे हेड कॅशियर डूमप्पा म्हणाले, "हा दुसरा म्हणजे कोण ते कळलं ना? कॉफी पाजतोय तोच."

सगळ्यांत वाईट म्हणजे ते काहीच लिहून घेत नाहीत. वरून आलेला साहेब काही न लिहिता परत गेलाय असं तू कधी पाहिलंस? आमच्या शाखेतला लोबो म्हणतो, ज्यांना पुढं जायची हौस आहे त्यांना हेरून उत्तरेत धाडायचा हा डाव आहे. डूमप्पांचं मत वेगळं, ते म्हणतात कॉम्प्युटर येणार, त्याआधी माणसं पारखून घेतायत. काही असो, पाणी कुठंतरी मुरतंय.

मला काय हवंय ते तुला एकटीला माहीत आहे. मंगळूरला परदेशी व्यवहारांचा जो विभाग आहे, तिथली खुर्ची. इथले काजू कारखानदार आफ्रिकेतून बी मागवतात, त्यांचे कागद मी नुसते पाकिटात घालून मंगळूरला पाठवते. मला ते पाकीट फोडणाऱ्या जागी बसायचंय. तिशीच्या आत ऑफिसर व्हायचंय. बँकेच्या दोन्ही परीक्षा मी त्याचसाठी दिल्या. आईला यातलं अक्षर माहीत नाही. आपल्यात घर मुलीकडून मुलीकडं जातं, त्यामुळं तिच्या लेखी मी कारकळ सोडणं म्हणजे घर राखणाऱ्या दैवाच्या पुढचा दिवा विझणं.

पुढच्या आठवड्यात साहेब आमच्याकडे येतायत. तू या बँकेत माझ्या कितीतरी आधीपासून आहेस. खरं सांगू का त्यांना?

तुझी,
सुगंधी


बैंदूर,
१७ जानेवारी

सुगंधी,

खरं सांगू का, हे तू विचारतेस याचंच मला नवल वाटलं. बँकेत तू काय नुसत्या नोटाच मोजल्यास?

तुमच्या लोबोलाच विचार. लग्न झाल्यावर त्यानं हात जोडून मंगळूर मागितलं, तर रायचूरला फेकला. तिथं बिचारा उन्हात भाजून निघाला. मग त्याला शहाणपण आलं. त्यानं वर कळवलं, ‘रायचूरची हवा माझ्या बायकोला मानवली आहे, मला जन्मभर इथंच ठेवा.’ पावसाळ्याच्या आत मंगळूरची ऑर्डर हातात. तुमच्याकडे आला तो तिथूनच. तेव्हापासून आपल्या बँकेत घरी राहायचं असेल त्यानं बीदर मागायचं आणि बीदर हवं असेल त्यानं घर मागायचं, ही रीत पडली आहे. वरच्यांना एकच आनंद असतो, खालच्यानं मागितलेलं न देण्याचा.

तेव्हा केबिनमध्ये जा, कॉफी पी आणि सांग की मला मरेपर्यंत कारकळच्या कॅश काउंटरवरच बसायचंय. आई एकटी आहे म्हण. चेहरा पाडून बोलू नकोस, त्यांना संशय येईल. परीक्षांचं विचारलं तर पगारवाढीसाठी दिल्या म्हणून सांग.

या विषयावर फोन मात्र करू नकोस. इथल्या एक्स्चेंजमधली बाई आमच्या मॅनेजरच्या बायकोची चुलत नणंद आहे. तिच्या कानावर गेलं की गावजेवण घातल्यासारखंच.

माझं काय विचारतेस? मी चाळिशीला आले. मला कोण खुर्ची विचारतंय.

वारिजक्का


कारकळ,
२९ जानेवारी

वारिजक्का,

झालं एकदाचं. तू सांगितलंस तसंच बोलले.

"पाच वर्षांनी कुठं?" त्यांनी विचारलं.

"इथंच, साहेब. कॅश काउंटरवर."

"इथंच? मग या दोन परीक्षा कशासाठी दिल्यात?"

"पगारवाढ मिळते, साहेब."

त्यांनी पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही, वाईट वाटल्यासारखे. मग म्हणाले, "नक्की ना, सुगंधी? मी माणसाच्या शब्दावर चालणारा आहे." मी मान हलवली. उरलेली कॉफी एका घोटात संपवली.

बाहेर आल्यावर डूमप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "शब्दावर चालणारा आहे असं जो सांगतो ना, त्याच्या पुढं कधी चालू नये." त्यांनी स्वतः मंगळूरचं हेड ऑफिस मागितलं. वर्षभरात रिटायर होणार आहेत, घराच्या अंगणात सुपारी वाळत घातली आहे, आणि म्हणे हेड ऑफिस. केबिनमधून बाहेर आले ते हसू दाबत.

पण अक्का, मला हसू आलं नाही. संध्याकाळी घरी येताना वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा कुणी साहेबानं विचारलं आणि मी थाप मारली. जाऊ दे. तुझ्याकडे ते येऊन गेले का? तू काय सांगितलंस?

सुगंधी


बैंदूर,
१४ फेब्रुवारी

सुगंधी,

पत्राला उशीर झाला. दोड्डम्मा मोरीत पडली होती. मोडलं वगैरे काही नाही, पण आता घटकाभरही एकटं ठेवता येत नाही.

साहेब येऊन गेले. बोलणं झालं. विशेष काही नाही.

तुझं ते परदेशी व्यवहारांचं जाडं पुस्तक थोडे दिवस पाठवशील का? आमच्याकडे एक काजूवाला खातं उघडायला आला आहे, त्याला काही समजावून सांगायचंय. कारकळहून निघणाऱ्या बसच्या कंडक्टरकडे दे, तो माझ्या ओळखीचा आहे.

वारिजक्का


कारकळ,
३ मार्च

वारिजक्का,

पुस्तक कंडक्टरकडे दिलं आहे. समासात माझ्या खुणा आहेत, पुसू नकोस.

एक विचारू? बैंदूरला हा काजूवाला कोण? माझ्या काउंटरवर या भागातले सगळे काजूवाले येतात. मी दोघांना विचारलं. बैंदूरला कारखाना निघाल्याचं त्यांच्या कानावर नाही. आणि खातं उघडायला आलेल्या माणसाला परदेशी व्यवहारांचं अख्खं पुस्तक समजावून सांगायची गरज कुठं पडते?

कालच हेड ऑफिसच्या गाडीचा ड्रायव्हर आला होता. तो सांगत होता, परतीच्या वाटेवर राघवन साहेब बैंदूरच्या एका बाईचं फार कौतुक करत होते. बैंदूर शाखेत बाई तू एकटीच.

साहेबांना काय सांगितलंस ते तू अजून लिहिलेलं नाहीस. मी माझं शब्दन्‌शब्द लिहिलं. मनात काही नाही, सहज विचारते.

सुगंधी


कारकळ,
२२ एप्रिल

वारिजक्का,

तू उत्तर धाडलं नाहीस. आता त्याची गरजही राहिली नाही. आज ऑर्डरी आल्या.

तुला बढती, मंगळूर, परदेशी व्यवहार विभाग. मला मॅनेजरनं बोलावून सांगितलं, ऑफिसरांच्या यादीत माझं नाव होतं, पण ‘कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या इच्छेचा मान राखून’ ते काढण्यात आलं. कारकळ, कॅश काउंटर. वर मॅनेजर मला म्हणाले, "साहेब किती चांगले बघा, तुमचं ऐकलं."

आता सगळं जुळतं. मला कसं बोलायचं ते तू पढवलंस, चेहरा कसा ठेवायचा तेही. मला वाटेतून बाजूला केलंस आणि माझंच पुस्तक मागून घेऊन तयारी केलीस. केसानं गळा कापतात असं ऐकलं होतं, आपल्याच बहिणीनं कापला. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी भांडले असते. तुझ्याशी कुठल्या तोंडानं भांडू? लहानपणी माझी वेणी तू घालायचीस.

पुस्तक परत पाठवायची तसदी घेऊ नकोस. तुला लागेल.

सुगंधी


बैंदूर,
२७ एप्रिल

सुगंधी,

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात बसून वाचलं. दोड्डम्मा आतून विचारत होती, कुणाचं गं पत्र? मी म्हटलं, लाइट बिल.

आता जे लिहिते ते वाचून तुला हसू आलं तर हस. राघवन साहेबांनी मला विचारलं तेव्हा मला एकच गोष्ट हवी होती, बैंदूर. आई आंधळी, तिला सोडून मी कुठं जाणार? आणि मला भीती होती की बैंदूर मागितलं तर नेमकं उचलून दुसरीकडे टाकतील. म्हणून मी रीतीप्रमाणं उलटं मागितलं. मला अजिबात न जमणारं काय, तर तुझ्या तोंडी सतत असतं ते आठवलं. म्हटलं, ‘साहेब, मला मंगळूरला परदेशी व्यवहारांच्या खुर्चीत बसायचंय.’ बढतीही मागितली.

त्यांचा चेहरा एकदम उजळला. म्हणाले, "महिन्याभरात पुन्हा बोलू, तोवर थोडं वाचून ठेवा." आता वाचलं नाही तर खोटं उघडं पडणार, म्हणून तुझं पुस्तक मागवलं. काजूवाला मी रचला. तुला खरं कळवलं असतं तर तू म्हणाली असतीस, माझीच खुर्ची कशाला मागितलीस. मला तरी कुठं ठाऊक होतं की हा माणूस मागेल त्याला मागेल ते देणारा निघेल. असा साहेब या बँकेत याआधी कुणी पाहिला होता?

दोड्डम्माला मी मंगळूरला नेऊ शकत नाही. या घरातली प्रत्येक पायरी तिला पायानं माहीत आहे, दुसरीकडे ती उंबऱ्यातच पडेल. ऑर्डर आली त्या दिवसापासून मला अन्न गोड लागत नाही.

वारिजक्का


कारकळ,
४ मे

वारिजक्का,

तुझी गोष्ट चांगली आहे. यक्षगानाच्या खेळात घालण्यासारखी आहे.

पण मी ती का खरी मानावी? तूच लिहिलं होतंस, हवं त्याच्या उलटं सांगायचं. मग तू मला आज जे सांगतेस तेही त्याच रीतीनं वाचायचं का? ‘मला मंगळूर नको’ म्हणजे काय समजू?

आई विचारते, बहिणीबहिणींची पत्रं का थांबली. मी तिला सांगितलं, पोस्टमन रजेवर आहे.

सुगंधी


बैंदूर,
१९ मे

सुगंधी,

मी मंगळूरला जाऊन आले. शेजारच्या कल्याणीला दोड्डम्मापाशी बसवलं आणि पहाटेची बस धरली. मला बस लागते हे तुला माहीत आहे. वाटेत दोनदा उतरले.

साहेबांना सगळं सांगितलं. लोबोचं रायचूर, उलटं मागायची रीत, तुला मी काय शिकवलं, स्वतः काय केलं, काहीही ठेवलं नाही. ते ऐकत राहिले. मध्ये एकदा चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "म्हणजे मी साऱ्या जिल्ह्यात फिरलो, इतक्या लोकांशी बोललो, आणि मला कुणीच खरं सांगितलं नाही?"

"सगळ्यांचं मला माहीत नाही, साहेब. आमच्या घरातल्या दोघींनी नाही सांगितलं."

"आणि आत्ता सांगताय हे सरळ की उलटं?"

"सरळ."

"कशावरून?"

सुगंधी, आयुष्यभर ज्या माणसांना आपण खोटं ठरवत आलो, त्यांच्यापैकी एकानं मला तोच प्रश्न विचारला आणि मला मान खाली घालावी लागली. शेवटी म्हटलं, "साहेब, उलटं सांगायला मी पत्र लिहिलं असतं. बसमध्ये ओकत इथवर आले नसते."

ते हसले नाहीत. माझी ऑर्डर रद्द केली. कडक आवाजात म्हणाले, "शब्द फिरवणाऱ्या माणसाचं नाव यापुढं बढतीच्या यादीत येणार नाही." त्यांना वाटलं, मला शिक्षा केली. मीही तसं तोंड केलं.

पण तुला खरं सांगते, जिना उतरताना रडू आलं. तुझं पुस्तक वाचता वाचता मला ते आवडायला लागलं होतं गं. कुठला कोण माल पाठवतो, कुठला कोण पैसे देतो, दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नसतं, आणि मध्ये बसलेल्या माणसाच्या शब्दावर जहाज सुटतं. इतकी वर्षं नको ते मागत आले. आपल्याला खरंच काय हवं असतं, ते कधी स्वतःला विचारायचं राहूनच गेलं. आज विचारलं तरी उत्तर बैंदूरच आहे, दोड्डम्मा आहे तोवर. पण विचारायला हवं होतं.

तुझ्याबद्दल ते म्हणाले, "तिचं ध्येय मला तिच्या तोंडून ऐकायचंय. तुमच्याकडून नको." खुर्ची अजून रिकामी ठेवली आहे. लवकर जा. आणि तिथं काय बोलू, हे मला लिहून विचारू नकोस. माझ्याकडून घेतलेल्या सल्ल्यानं तुझं काय झालं ते पाहिलंस ना?

पुस्तक कंडक्टरकडे दिलं आहे. तुझ्या खुणा पुसलेल्या नाहीत. शेजारी माझ्याही दोनचार आहेत, त्या तेवढ्या राहू दे.

वारिजक्का


कारकळ,
५ जून

वारिजक्का,

आधी माफी मागते. गेल्या दोन पत्रांत मी जे लिहिलं ते माझ्याच मनात होतं, तुझ्या नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मलाच लागू पडलं. ती पत्रं चुलीत घाल, दोड्डम्माचं पाणी तरी तापेल.

मंगळूरला गेले होते. बसमध्ये डोकं नुसतं भणभणत होतं. आता त्यांना आपली रीत कळली आहे. मी मंगळूर म्हटलं तर ते समजतील हिला कारकळ हवंय. मग कारकळ म्हणू का? पण त्यांनी जर धरलं की ही आता सरळ बोलणार, तर? पडुबिद्रीपर्यंत हाच घोळ. शेवटी विचार करायचा कंटाळा आला.

त्यांनी कॉफी दिली नाही. नुसतं विचारलं, "पाच वर्षांनी?"

मी म्हटलं, "याच इमारतीत, साहेब. खालच्या मजल्यावर, परदेशी व्यवहारांच्या खुर्चीत. आणि त्यानंतर त्या विभागाची प्रमुख." शेवटचं वाक्य मी तुलाही कधी सांगितलं नव्हतं. स्वतःच्या तोंडून ते मीही पहिल्यांदाच ऐकलं. उलटं बोलताना आवाज कसा छान निघतो, अक्का. खरं बोलताना तो फाटला.

मग म्हणाले, "सहा महिने बसवून बघतो. जमलं नाही तर परत कॅश काउंटर." एक जुलैला हजर व्हायचंय. ऑर्डर माझ्या पर्समध्ये आहे.

शाखेत आल्यावर सगळ्यांनी गराडा घातला, साहेबांना काय सांगितलंस? मी म्हटलं, मंगळूर मागितलं. डूमप्पांनी टाळी दिली. "शाबास, आता तुला कारकळहून ब्रह्मदेवही हलवू शकत नाही. मला बघ, मी हेड ऑफिस मागितलं, इथंच आहे की नाही?" रिटायर व्हायला आलेल्या माणसाला तसंही कोण हलवणार, हे त्यांच्या ध्यानात नाही. मी म्हणत होते, अहो, मला खरंच मंगळूर हवंय. तर लोबो डोळा मिचकावून म्हणतो, "हं, असंच म्हणत राहा, कुणापुढं सैल सोडू नकोस." ऑर्डर काढून दाखवावी असं क्षणभर वाटलं. पण मग म्हटलं, तीही हे लोक उलटीच वाचतील.

संध्याकाळी घरी आले तर आई नवी साडी नेसून बसलेली. डूमप्पा बाजारात भेटले होते म्हणे. तिला सांगितलं, तुमच्या मुलीनं मंगळूर मागितलं, म्हणजे ती आता कुठं जात नाही, निर्धास्त राहा. तिनं दैवापुढं नारळ ठेवला, पायस केलं, शेजारच्या घरांत वाटून आली. मला वाढताना म्हणाली, "मला भीती होती गं, तुझ्या मनात जायचं आहे म्हणून. मी कधी बोलले नाही. आज जीव भांड्यात पडला."

मी पायस खाल्लं, अक्का. दुसऱ्यांदा मागूनही घेतलं. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि पर्स समोर खुंटीला टांगलेली होती.

उद्या सकाळी तिला सांगणार आहे. कितीदा सांगावं लागेल कोण जाणे, पहिल्यांदा तिला ते खरं वाटणारच नाही.

तुझी,
सुगंधी